गुळव्याचं नाक

६ जानेवारी
गुळाची काहील करपली. दोष उसाचा. रेश्मा, म्हणजे आमची मंडळी, लासुर्ण्याला माहेरी हळदीला गेलेली, त्यामुळं माझंही मन थाऱ्यावर नव्हतं. व्यापारी काळा गूळ बघून म्हणाला, पुढच्या खेपेला असाच निघाला तर कळसच्या गुऱ्हाळावर जाईन. खुशाल जा, असं मनात म्हणालो. तोंडानं चहा घ्या म्हणालो.

७ जानेवारी
रेश्मा परत आली. म्हणते, दोन वर्षं तोंड वासून श्वास घेताय, नाक दाखवा. अगं, आम्ही गुळवे! पाकाचा वास बदलला की 'उतरवा' ओरडायचं आणि चार गड्यांनी काहील चुलाणावरनं उतरवायची. आजोबांपासून आमच्या घरात हे नाकावरच चालतं. मला वास येतो. जरा उशिरा येतो, एवढंच.

९ जानेवारी
बारामती. डॉक्टरांनी दुर्बीण घालून माझंच नाक मला टीव्हीवर दाखवलं. आतलं मांस दोन्हीकडं फुगलंय, हवेला वाट नाही. दिवसात सहादा ड्रॉप घालतो, त्यानं जास्तच फुगतं म्हणे. इलाज सोपा: खुर्चीतच नाक बधिर करायचं, सुईएवढी तार आत घालून शेक द्यायचा, मांस आक्रसतं. वीस मिनिटं. ॲडमिट नाही. मी छाती काढून म्हणालो, आत्ताच करा. ते हो म्हणाले. तेवढ्यात मला आठवलं की गाडी भलत्याच जागी लावलीय. तेरा तारीख घेतली.

१३ जानेवारी
भोगी. सणाच्या दिवशी नाकाला लोखंड लावू नये, असं आजी म्हणायची. बहुतेक.

१५ जानेवारी
किंक्रांत. नवी तारीख नेमकी आजची, पण असल्या अशुभ दिवशी कुणी नाकाला हात लावतं का? वादच नको.

१९ जानेवारी, सकाळी ७
रेश्मानं स्कूटी काढली, मला मागं बसवलं. स्वखुशीनं जातोय.

दुपारी २
झालं! कळलंसुद्धा नाही. डोळ्यांतलं पाणी औषधाचं. रेश्माचा हात धरला होता, तिला धीर म्हणून. तिच्या दोन बांगड्या वाढल्या. आधीच तडकलेल्या असणार.

२१ जानेवारी
नाक पहिल्यापेक्षा जास्त चोंदलंय. डॉक्टर बोलले होते, थोडे दिवस सूज राहील, खपल्या धरतील. मिठाचं पाणी मारा, ड्रॉप बंद. बंद म्हणजे बंद.

संध्याकाळी
एक थेंब. डावीकडं. तुलनेसाठी.

२२ जानेवारी
उजवीवर अन्याय नको.

२४ जानेवारी
रेश्मानं बाटली चुलाणात टाकली. प्रयोग चाललाय म्हणून सांगितलं, ऐकेल तर शपथ.

८ फेब्रुवारी
उघडलं! देवाशप्पथ, रडलो. चिपाडाचा वास, राखेचा वास, रेश्माच्या केसांतल्या तेलाचा वास. माझ्या स्वेटरचाही आला. तो धुवायला टाकला. परवा व्यापारी येतोय. येऊ द्या, आता दाखवतोच.

१० फेब्रुवारी
व्यापारी समोर खुर्ची टाकून बसलेला. पाक चढत गेला. मी डोळे मिटून नाक पुढं केलं. आणि आला! अस्सा वास, अंगावर काटा आला. हात वर करून ओरडलो, उतरवा! डोळे उघडून बघतो तर काहील रिकामी. गूळ थंड करायच्या वाफ्यात ओतून झालेला. सोन्यासारखा.

गडी म्हस्कूला झापलं, माझी वाट न बघता? तो बिचारा सरळ म्हणाला, मालक, दोन वर्सं झाली, तुमची वाट कोण बघतंय? वैनी पाण्याच्या वाटीत पाकाचा थेंब टाकून बघत्यात, मान हलवली की आमी उतरवतो. तुमी मागनं वरडता, तवर आमी हात धुतोय.

व्यापाऱ्यानं पुढच्या दहा काहिली ठरवल्या. रेश्माशी.

वाईट वाटलं. लईच वाटलं. रेश्माला विचारलं, सांगितलं का नाहीस? ती म्हणाली, वरडल्यावर तुमचं तोंड किती खुलतं ते तुमाला दिसत न्हाय, मला दिसतं. तुमी वरडा की, गड्यांना सवय हाय.

उद्या जरा आधी ओरडून बघतो.