पुलावरची रायफल

३ मार्च

रागावू नकोस, वही. कितीतरी महिने तुला उघडलं नाही. कारणं लिहायला बसले तर त्यातली खरी कुठली आणि सोयीची कुठली, हे ठरवण्यातच पान भरेल. म्हणून बातमी लिहिते.

मामाने आजोबांची रायफल आमच्या संग्रहालयाला द्यायची ठरवली! इतकी वर्षं त्याच्या बैठकीत सोफ्याच्या वर टांगलेली असायची. आज जुन्या चादरीत गुंडाळून स्वतः बसने घेऊन आला. शेजारच्या बाईंनी विचारलं, तर म्हणे पडद्याचा दांडा आहे. मी म्हटलं, मामा, रीतसर कागद आहेत ना तुझ्याकडे, ते दाखवायचे. तर म्हणाला, बाईंना पडद्यांतच जास्त रस होता.

ती पुलाच्या खोलीत लागणार. आमच्या सैन्याने नदीवरचा पूल जिंकला, त्या लढाईतल्या सगळ्या वस्तू तिथे आहेत. अख्ख्या गावाला त्या खोलीचा अभिमान. आणि आजोबा त्या पुलावर होते! मामाची गोष्ट घरात सगळ्यांना पाठ आहे — ओले बूट, कडाक्याचा गारठा, पुलाच्या टोकाला पालथं पडून काढलेली रात्र, शेजारचा माणूस पहाटे उठलाच नाही.

मामाची एकच अट. वस्तूखालची पाटी मीच लिहायची, दुसऱ्या कुणी नाही. तसं ते माझंच काम: वस्तू कुणाची, कुठली, कधीची. "शंकासूर आहेस तू. नीट तपास," म्हणाला. चेष्टा की कौतुक, कळलं नाही. त्याचं कधीच कळत नाही.

५ मार्च

जुन्या बंदुका जमवणारे एक गृहस्थ आमच्या संग्रहालयाच्या साहेबांच्या ओळखीचे. ते रायफल बघून गेले. पहिला प्रश्न: नंबर जुळतात का? प्रत्येक सुट्ट्या भागावर नंबर ठोकलेला असतो. सगळीकडे एकच असेल तर रायफल अस्सल. नाहीतर चार बंदुकांची जोडाजोड. मग त्यांनी लाकडाचा वास घेतला आणि चेहरा असा केला, की मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं. फर्निचरचं पॉलिश!

मामाला फोनवर सांगितलं. चांगलाच दुखावला. दर रविवारी पुसलीय म्हणाला, स्वतःचे बूट पुसले नाहीत इतक्या वेळा. मी म्हटलं, म्हणूनच वरचा सैन्याचा शिक्का गेलाय — तिथलं लोखंड गुळगुळीत झालंय तुझ्या फडक्याने. नेहमी टोल्याला टोला देणारा माणूस, पण यावर फक्त "असेल" म्हणाला.

फार लागेल असं बोलले का?

७ मार्च

नळीवर साल सापडलं. युद्ध संपल्यानंतर तिसऱ्या वर्षीचं.

८ मार्च

म्हणजे आजोबांनी ही रायफल पुलावर नेलेली असूच शकत नाही. मग पाटीवर काय लिहू? 'कुटुंबीयांच्या सांगण्यानुसार' हे शब्द मी लोकांच्या आजोबांसाठी सर्रास वापरते. आपल्या आजोबांसाठी वापरताना हात का अडतो?

संध्याकाळी आई आली. चष्म्याला नवी फ्रेम घालून! रायफल खोलीत लागेल त्या दिवशी उद्घाटनाचा फोटो निघणार, तेव्हा डोळे नीट दिसायला हवेत. सैनिकाची मुलगी म्हणून पहिल्या रांगेत बसणार आहे. दादाच्या, म्हणजे मामाच्या, भिंतीवरची धूळ तरी जाईल, म्हणाली. पण आरशासमोरून हलेना. मी सालाचं काही बोलले नाही. हे गप्प बसणं खोट्यात धरायचं का?

१० मार्च

शेवटी मामाकडे गेले आणि सांगून टाकलं. वाटलं होतं, त्याचा चेहरा पडेल. तो इतका हसला, की बशीत चहा सांडला. अगं, नळी झिजते, बदलतात ती! युद्धानंतर आजोबा जंगलात रखवालदार होते. रायफल रोज वापरात, त्यामुळे नवी नळी बसवून घेतली होती. "टायर बघून गाडीचं वय ठरवतेस होय?" सतरा वर्षं पाट्या लिहिणारी मी! कान लाल झाले.

मग निघताना एकदम सरळ आवाजात म्हणाला, "वरवर काय बघतेस? लाकूड काढ. खाली आणखी एक शिक्का आहे."

तुला कसं माहीत, विचारलं. तर कपबशा उचलून आत गेला.

१२ मार्च

साहेबांसमोर स्क्रू सोडवले, लाकूड वेगळं केलं. नळी सोडून सगळे नंबर जुळतात. आतल्या लोखंडावरचं साल युद्धाचंच. जीव भांड्यात पडला. मग खालचा शिक्का पुसून बघितला.

आपला नाही. समोरच्या सैन्याचा.

दोन्ही बाजूंनी एकाच परदेशी कारखान्यातून रायफली घेतल्या होत्या. दिसायला एकसारख्या, फरक फक्त शिक्क्याचा. साहेब तर खूशच झाले: शत्रूकडून हिसकावलेली! पाटीवर तसंच घाला म्हणाले, उद्घाटनाच्या भाषणात वाक्य शोभेल. मलाही क्षणभर बरं वाटलं. आईच्या फोटोला आणखी भाव येईल, हेही मनात येऊन गेलं. खोटं कशाला बोलू?

पण भिंगाखाली तो वरचा गुळगुळीत भाग पाहिला. त्यावर बारीक, समांतर ओरखडे आहेत. फडक्याने असे पडत नाहीत. कुणीतरी कानस चालवली आहे.

साहेबांना म्हटलं, पाटी उद्या देते.

१३ मार्च

मामाला विचारलं, आजोबांनी जिंकून आणलेली ना?

"जिंकलेल्या वस्तूवरचा शिक्का कुणी घासून काढतं का?"

मग सांगितलं. आजोबा पुलावर होते. पलीकडच्या टोकाला. हरल्यावर नदी उतरून इकडे आले, शिक्का घासला, काम मिळवलं, संसार केला. जायच्या आधी मामाला तेवढं सांगून गेले. मामाच्या गोष्टीत बाजू कधीच नव्हती — आठवून पाहिलं, खरंच नव्हती. ती आम्ही घातली. त्या खोलीत पलीकडचं एकही नाव नाही, बाबांचं तरी असू दे, एवढंच म्हणतोय तो.

आईला इतक्या वर्षांत का नाही सांगितलंस?

"सांगितलं होतं. पोट धरून हसली. म्हणाली, दादा, आता ही कुठली नवी थाप? माझं सगळं आयुष्य तिची चेष्टा करण्यात गेलं, बाई. तू सांगितलंस तर ती हसणार नाही."

उद्या: आईला सांगणे.