एक धोंडा आणि पाऊण तास

लातूर, अधिक महिन्यातला दुसरा गुरुवार

तीर्थरूप शंकरप्पा मामांना भाचा संगमेश्वरचा शरणार्थ. वाकून करतोय बरं का! पूर्वी तुमच्या पाया पडायला वाकलो की आधी पोट टेकायचं, डोकं वरच राहायचं आणि तुम्ही हवेतच आशीर्वाद देऊन मोकळे व्हायचात. आता एकशे एक्केचाळीस किलोचा नव्वदवर आलोय, त्यामुळं सगळा भाचा पायापर्यंत पोचतो. मामी बऱ्या आहेत ना? आवंदा निलंग्याकडं ऊस कसा काय आहे? इकडं आम्ही खुशाल आहोत, आणि का खुशाल आहोत हेच सांगायला बसलोय. चष्मा लावा आणि निवांत वाचा.

पोटाच्या ऑपरेशनला दीड वर्ष झालं. तुमचा समज असा की पोट कापलं की माणूस आपोआप कमी खातो. साफ चूक, मामा. पोट मुठीएवढं झालं तरी जीभ होती तेवढीच राहते. एका वेळी मावत नाही ना, मग दिवसभर थोडं थोडं, असा रस्ता मी शोधून काढला. ऑफिसच्या खणात शेव, गाडीच्या डिकीत चिक्की, देवघरात खडीसाखर (देवाची म्हणून पाप नाही). मार्चमध्ये काटा चार किलोंनी वर चढला. आहाराचं बघणाऱ्या आरती मॅडम (एवढीशी पोरगी, पण फौजदारासारखी बोलते) म्हणाल्या, काका, सवय बदलली नाही तर गेलेलं सगळं परत येणार, आणि पुन्हा कापायला पोट शिल्लक नाही. घरी तुमच्या भाचेसुनेला, तनुजाला, हे कळलं. तिनं माझी जुनी सेहेचाळीस कमरेची पँट ट्रंकेतून काढली, धुतली, इस्त्री केली आणि खुंटीला लावली. मामा, मला लई लागलं ते.

त्या दिवसापासून कायदा लागू झाला. दिवसातून ठरलेल्या वेळीच खायचं, तेही लहान बशीत. आधी डाळ, उसळ, दही. जेवताना पाणी नाही. घास तीस वेळा चावायचा. दोन महिने इमानेइतबारे पाळलं, आणि तेवढ्यात आला अधिक महिना आणि विष्णुपुरीहून सासुरवाडीचं धोंड्याचं आवतण! तिथं माझी ख्याती तुम्हाला ठाऊकच आहे. लग्नानंतरच्या पहिल्या अधिकात मी एकोणीस धोंडे उडवले होते, आणि सासऱ्यांनी, हणमंतरावांनी, कौतुकानं शेजाऱ्यांना बोलावून दाखवलं होतं. आता खावं तर काय होतं तेही माहीत. ऑपरेशननंतर रेणापूरच्या एका साखरपुड्यात दोन जिलब्या ओढल्या, तर दरदरून घाम, छातीत धडधड, आणि वरपक्ष मला मांडवातल्या गादीवर आडवा घालून वारा घालून राहिला. न खावं तर सासूबाईंचा अपमान. धोंडा पायावर पाडून घ्यायचा की पोटात, एवढंच ठरायचं होतं.

पंगत बसली, सतरा जण. मी चांदीच्या ताटात गुमान माझी बशी ठेवली. साडू रामलिंग खो खो हसला, म्हणाला जावयाला आवंदा चिमणीचा घास! मी उसळीपासून सुरुवात केली. एक, दोन, तीन... तीस. मग दुसरा घास. आता मामा, तुम्हाला रिवाज माहीत आहे: जावई उठल्याशिवाय पंगत उठत नाही. सगळ्यांचं दहा मिनिटांत आटपलं. पण उठता येईना, आणि रिकाम्या ताटापुढं माणूस बसलेला बघवेना म्हणून मेहुणा व्यंकटी धोंडे घेऊन फिरायचा थांबेना. माझा अकरावा घास होईस्तोवर साडूचा अकरावा धोंडा झाला. अर्ध्या तासात रामलिंगनं पट्टा सोडला, नंतर डोळे मिटले, आणि शेवटी हात जोडून मला म्हणाला, साडूभाऊ, गिळा की हो! मी हातानंच थांब म्हणून खूण केली, कारण मी बाविसाव्या चाव्यावर होतो.

सासूबाई मात्र दारात उभ्या राहून लाल होत होत्या. शेवटी त्यांनी विचारलंच, "काय हो जावईबापू, खडे लागून राहिले का दाताला? का आमच्या हातचं गोड लागंना?" तनुजानं मान खाली घातली. माझ्या तोंडात त्याच वेळी धोंड्याचा एकुलता एक घास होता, आणि तो अर्धवट गिळून उत्तर द्यायचं धाडस मला झालं नाही. सगळे थांबले. मी चावला. तीस भरले, गिळला, आणि खरं ते तोंडातून निघून गेलं: "सासूबाई, तुम्ही पुरणात सुंठीबरोबर बडीशेप घालता होय?"

सासूबाई पदर डोळ्याला लावून म्हणाल्या, "चाळीस वर्षं झाली घालतेय. आजवर एकालाबी कळलं न्हाई." (हणमंतराव छताकडं बघायला लागले.) मामा, मी त्या घरात एकोणीस-एकोणीस धोंडे खाल्ले, पण चव आत्ता कळली! सासूबाईंनी व्यंकटीच्या हातातली परात काढून घेतली आणि फर्मान सोडलं की जावईबापूंना कुणी आग्रह करायचा न्हाई, ते खातात तेच खरं खाणं. एक घास धोंडा, पाऊण तास, आणि मी ताठ मानेनं उठलो. साडूला दोघांनी धरून उठवलं. परवा काटा नव्वदवर आला. घरी येऊन बघतो तर पँट खुंटीवर नाही. तनुजानं त्या पँटच्या चार पिशव्या शिवल्या.

मामींना नमस्कार.

तुमचा, पोटानं लहान पण मानानं मोठा झालेला,
संगमेश्वर

ता. क. सासूबाईंनी वाणात तेहतीस अनारसे दिलेत. पाच गेले. एकेक तीस वेळा चावूनच खाल्ला, पण पाच म्हणजे पाचच. तनुजाला बोलू नका. उरलेले तुम्हीच घेऊन जा, असं लिहिणार होतो.

ता. क. दुसरा. पण नाही लिहीत. डबा रस्त्यापलीकडच्या होस्टेलवर देऊन टाकला. मामींचा फोन आला होता. म्हणाल्या, आडवं पडलं की पोटाच्या वजनानं दम कोंडतो म्हणून तुम्ही खुर्चीतच बसून झोपता, आणि दवाखान्याचं नाव काढलं की ताट भिरकावता. मी सोमवारी नऊ वाजता लातुरात माझ्याच डॉक्टरांकडं तुमचं नाव नोंदवलंय. कापायचं का नाही ते मागाहून बघू, आधी नुसतं तपासू. चिडा, शिव्या द्या, पण या. मला भ्या वाटतं, मामा. पहाटेच्या एसटीनं निघा, स्टँडवर मी उभा आहे. आजवर प्रत्येक पत्रात तुम्हाला जेवायलाच या म्हणत आलो. या खेपेला उपाशी या. तपासणीला रक्त द्यायचं आहे.