ब्युइकवरची धूळ

३ सप्टेंबर
ठरलं. १९५६ सालची ब्युइक गाडी विकायची. बायकोला, लोर्नाला, शब्द दिलाय: पहिला बर्फ पडायच्या आत गॅरेज मोकळं. तीस हिवाळे तिची जुनी वॅगन गाडी अंगणात उभी आणि ती बिचारी रोज पहाटे काचेवरचा बर्फ खरवडते. मला ते बघवत नाही. म्हणून मी तेव्हा झोपतो.

११ सप्टेंबर
मन्सी गावच्या पेपरात जाहिरात दिली, 'आरशासारखी चकचकीत'. फोन एकच. शिकागोचे संग्राहक, मिस्टर हॅलोरन. म्हणाले, चकचकीत ढिगाने मिळतात, मला कोठारात विसरलेली, हात न लागलेली हवी. मी म्हणालो, चकाकी धुळीखालीच आहे. शनिवारी येणार.

१२ सप्टेंबर
धूळ विकत मिळत नाही. व्हॅक्यूमची पिशवी झटकली, पुरली नाही. मग गाडीवर पॅनकेकचं पीठ चाळलं. झकास. शेजारच्या व्हर्जिलकडून चार कोंबड्या उसन्या आणल्या, खरेपणा यावा म्हणून. तो म्हणाला, डेल, लेका, सोबत थोडी अक्कलही ने, परत केली नाहीस तरी चालेल.

१४ सप्टेंबर
कोंबड्या धूळ खातात. पुन्हा चाळलं. लोर्ना म्हणाली, पॅनकेक का बंद झाले ते आत्ता कळलं. कलेची कदर नाही.

शनिवार, दुपारी
हॅलोरननी बॉनेटवर बोट फिरवलं, चाटलं आणि पॅनकेकवर घालायचं सिरप आहे का विचारलं. मी आणायला गेलो. येतो तर ते अंगणात, लोर्नाच्या वॅगनभोवती. गंज मूळचा, दारावरचं नकली लाकूड मूळचं. एवढ्या वर्षांत कुणी साधं पॉलिशही केलं नाही का, त्यांनी विचारलं. लोर्ना म्हणाली, करणार कोण, नवऱ्याचे दोन्ही हात ब्युइकवर होते. वीस मिनिटांत वॅगनचा सौदा झाला. मी सिरपची बाटली घेऊन उभा.

२ ऑक्टोबर
लोर्नाची नवी गाडी आली. गाडीला मोकळी हवा मानवते, असं मी सुचवलं. तिने गॅरेजच्या किल्लीसाठी हात पुढे केला.

१९ नोव्हेंबर, पहाटे ५
पहिला बर्फ. शब्द पाळला, ब्युइक बाहेर आहे. कोंबड्या गाडीत बसल्यात, उतरत नाहीत. बोटं बधिर झालीत. खरवडायची पट्टी लोर्नानेच काल काढून दिली. तीस हिवाळ्यांची, मूळ स्थितीत, म्हणाली. तिला हे बघवत नाही म्हणे. म्हणून ती झोपलीय.