बारा दिव्यांचा करंट

अप्पा, आज माळा आवरताना तो बोर्ड सापडला. तुम्ही ज्या कारखान्यात माग दुरुस्त करायचात, तिथल्या बारा मागांसाठी मी कॉलेजात असताना केलेला. सूत तुटलं की त्या मागाचा लाल दिवा लागणार आणि तुमची धावाधाव वाचणार, असा माझा थाट. स्वयंपाकघरात तुम्ही आमटीत कडक भाकरी चुरताय आणि मी तुम्हाला शिकवतेय: पाच व्होल्टमधले दोन दिव्याचे, उरले तीन, त्याला दीडशे ओहमचा रेझिस्टर, म्हणजे वीस मिलीअँपिअर. बोर्डावरच्या चिपची एक पिन तेवढा करंट आरामात सोसते. तुम्ही घास थांबवून विचारलंत, "एकेकीचं झालं. समद्या मिळून किती? आमच्याकडं बी एकेक मोटर गुणाची हाय, पन समद्या एकदम सुरू केल्या की मेन फ्यूज जातोय." मी म्हणाले, "अप्पा, हे माग नव्हेत. तुम्हाला यातलं काय कळतंय?" तुम्ही हसलात. "व्हय की," म्हणालात आणि पुन्हा भाकरीकडे वळलात.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात मालकांसमोर चाचणी म्हणून मी बाराही दिवे एकदम लावले. लागले, चटका बसेल इतकी चिप तापली आणि सगळे विझले. बारा गुणिले वीस म्हणजे दोनशे चाळीस. अख्खी चिप मिळून दोनशेच सोसते, हे डेटाशीटमध्ये छापलेलं होतं. ते पान मी घरी आल्यावर वाचलं. तुम्हाला मात्र सांगितलं, चिपच खराब निघाली. तुम्ही तडक मला घेऊन तुमच्या दोस्ताच्या दुकानात गेलात, जिथून ती घेतली होती. "माझी पोर चुकायची न्हाय," तुम्ही त्यांना सुनावलंत. मी शेजारी मान खाली घालून उभी. त्यांनी मुकाट्यानं नवी चिप दिली. पण त्यांच्याकडचा रोजचा चहा तुम्ही सोडलात, तो शेवटपर्यंत. तुमचा माझ्यावरचा विश्वास मला इतका आवडला, की तो माझ्यानं मोडवेना. नवी चिप मी कधी लावलीच नाही.

आज ती लावली. दीडशेचे काढून चारशे सत्तरचे रेझिस्टर बसवले. आता एका दिव्याला जेमतेम सहा मिलीअँपिअर, बारांचे मिळून ऐंशीच्या आत. चिप गार आहे आणि दिवे छान दिसतात. तुम्ही असता तर नक्की "लई ब्येस" म्हणाला असता.

तुमचे ते दोस्त, दुकानवाले काका, अजून त्याच दुकानात बसतात. संध्याकाळी बोर्ड पिशवीत घालून तिथवर गेले, पण गाडी बंदसुद्धा केली नाही. घरी येऊन हे तुम्हालाच लिहायला बसले, अप्पा. तुम्ही रागावणार नाही हे मला ठाऊक आहे. त्यांचं ठाऊक नाही.