आडनावाला लागलेली टोळी

अप्पा, तुमचं गाव टीव्हीवर आलं. चांगल्या कामासाठी नाही. अळणावरच्या पुढं, जंगलाच्या कडेला कुणीतरी पत्र्याचं गोदाम भाड्यानं दिलं होतं, तिथं स्फोटकं करणारी माणसं सापडली. सगळी बाहेरची. स्वतःच्या संघटनेला त्यांनी काय नाव दिलं होतं ते कुणाच्या लक्षातही राहिलं नाही. पोलिसांनी गावाच्या नावामागं 'मॉड्यूल' लावलं, पेपरवाल्यांनी 'टोळी' केलं, आणि चॅनेलवाले दिवसभर तेच घोकत बसले. गाव बिचारं भात पिकवून खातंय! आणि त्याच गावाला 'कर' लावून आडनाव मिरवणारे आपण इथं हुबळीजवळच्या रायापुरात.

तुम्ही हुबळीत शिलाईचं दुकान काढलंत तेव्हा कापडवाले शेठ म्हणाले होते, पाटीवर फॅशन-बिशन काहीतरी लिहा, आडनाव कशाला? तुम्ही मशीनवरून मान वर न करता म्हणालात, "गाव सोडलं, नाव का सोडू?" मी शेजारी बटणं लावत बसलो होतो आणि मनातून चिडलो होतो, कारण मला ती फॅशनच पाहिजे होती. तुमचा हट्ट म्हणजे अख्ख्या बाजाराला माहीत.

परवा तुमच्या नातीची विद्यानगरच्या एका शाळेत मुलाखत होती, गणिताच्या टीचरच्या जागेसाठी. याआधी दोन ठिकाणी आडनाव वाचून "तुम्ही तिथलेच काय?" असं विचारलं, आणि नंतर फोनच आला नाही. शेजारचे अण्णा, भला माणूस, म्हणाले की आडनाव बदलून टाका, पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आहे. मी निम्मा तयार झालो होतो. पोरीनं ऐकून घेतलं, डबा भरला आणि गेली.

तिथंही मोठ्या मॅडमनी तोच प्रश्न केला. ही म्हणाली, "हो मॅडम, तेच गाव. माझ्या आजोबांचं. पकडलेल्यांतला एकही तिथला नाही. त्यांना अतिरेकी म्हणा की, गावाला का म्हणता?" मॅडम कन्नडात म्हणाल्या, खरं आहे, मी असा विचारच केला नव्हता. सोमवारपासून ये म्हणाल्या, सातवीचा वर्ग दिलाय.

हे ऐकून मला रडू आलं, अप्पा. एवढ्यानं चॅनेलवाले सुधारणार नाहीत, ठाऊक आहे. पण वर्गभर पोरं आता रोज ते नाव घेतील, आणि त्यांच्या लेखी ते गणिताच्या टीचरचं असेल, दुसऱ्या कुणाचं नाही.

तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, हे पत्र कुठं पाठवायचं, तुम्हीच सांगा. आणि एक गोष्ट पोरीला सांगू नका: खाली सही करायला घेतली, तर आडनावापाशी माझा हात अजून जरा थांबतो.