मतदानाआधीचा शनिवार

ईडन प्रेरी, १६ फेब्रुवारी

चि. वेद यास अनेक आशीर्वाद.

पिस्कॅटवेला तुझ्या सावनीताईकडेच आहेस असं धरून लिहितेय; नसलास तर ती पुढे पाठवेल. आमच्या ऋषीच्या लष्करी ट्रेनिंगमध्ये फोन नसायचा, तेव्हापासून मला पत्रांचीच सवय लागली.

त्याच्या तुकडीला तयार राहायला सांगितलंय. बोलणी अजून चालू आहेत म्हणतात. दोन्ही देशांची माणसं एकाच हॉटेलात, वेगवेगळ्या मजल्यांवर, आणि तिसराच कोणी चिठ्ठ्या ने-आण करतो. आमच्याकडेही तेच. मी वर, तुझे काका बेसमेंटमध्ये.

युद्ध पुकारायचं का, यावर तीन मार्चला अमेरिकन काँग्रेसमध्ये मतदान आहे. आधीच्या शनिवारी आपल्या भागातून निवडून आलेले काँग्रेसमन इथल्या लायब्ररीत लोकांचं ऐकणार आहेत. मला त्यांना एवढंच सांगायचंय, की नको म्हणा. काका म्हणतात, ऋषीला मिलिटरी अकॅडमीत घ्यावं म्हणून याच माणसाने आठ वर्षांपूर्वी शिफारस केली, आता कुठल्या तोंडाने जायचं? ते नेणार नाहीत, आणि मला हायवेवर ड्राइव्ह करायची भीती वाटते. तू येशील? बोलायचं तर नावं सकाळी दहाच्या आत द्यायची असतात.

व्हॅनचा हीटर दुरुस्त करून घे. काही खात जा.

वाट बघणारी,
सुवर्णामावशी

---

साउथ डकोटा, ५ मार्च

ती. सुवर्णामावशीला वेदचा साष्टांग नमस्कार.

न सांगता निघालो, सॉरी. पोह्यांचा डबाही माझ्याकडेच राहिलाय. इथे एका रँचवर गाई वितायत, म्हणून महिनाभर काम मिळालं. वासरू बाहेर आलं की आधी त्याचं नाक पुसायचं असतं, मला माहीतच नव्हतं. असो. भरकटलो परत.

मतदानाचं रेडिओवर ऐकलं. युद्ध ठरलं, आणि आपल्या काँग्रेसमननेही हो म्हटलं. तेव्हापासून मला लायब्ररीच्या वाटेवर भेटलेला तो म्हाताराच दिसतोय. तळ्यावरचा बर्फ वितळायच्या आत त्याला त्यावर ठेवलेलं त्याचं मासेमारीचं खोपट ओढून काढायचं होतं, आणि मी तुला म्हटलं, मदत करतो, पाच मिनिटं. मग दोर तुटला. मग तो त्याच्या कुत्र्याबद्दल सांगायला लागला आणि मी ऐकत उभा. मावशी, तू एकदा तरी हॉर्न वाजवायचास यार. पोचलो तेव्हा दहा वाजून वीस मिनिटं. टेबलापाशी बसलेली बाई चांगली होती, पण यादी बंद झाली होती.

सभेच्या शेवटी काँग्रेसमन म्हणाला की त्याचं अजून ठरलेलं नाही, आणि एवढे लोक बोलले, पण जाणाऱ्या पोरांच्या आईबापांपैकी कोणीच बोललं नाही. तू पर्स घट्ट धरून बसली होतीस. मी कोपर मारलं, तर नाव दिलेलं नसताना मध्येच कसं बोलायचं म्हणालीस. मग मी तरी उठायला हवं होतं. मी व्हॅन आणायला गेलो.

काकांना सांग, वेदमुळे झालं. कॉलेज सोडलं, नोकऱ्या सोडल्या, त्यात नुकसान माझंच. या वेळचं ऋषीचं झालं.

वाटलं तर उत्तर लिही. नाही लिहिलंस तरी मला तुझाच समज.

वेद

---

ईडन प्रेरी, १२ मार्च

चि. वेद, आशीर्वाद आहेतच.

डबा राहू दे तुझ्याकडे. ऋषी काल तुकडीबरोबर निघाला. कुठे ते सांगता येत नाही म्हणाला. तुझे काका वर यायला लागलेत. शेजारी बसतात.

तुला एक सांगायचं राहिलंय. काकांनाही सांगितलेलं नाही. तू व्हॅन आणायला गेलास तेव्हा काँग्रेसमन दाराशी उभे राहून प्रत्येकाशी हात मिळवत होते. माझी पाळी आली. यादी नाही, काही नाही, ते आणि मी. मी ऋषीचं नाव सांगितलं. त्यांना आठवला. मुलाखतीला बूट फार चकचकीत करून आला होता म्हणाले, आणि कसा आहे विचारलं. वेद, मी दोन दिवस वाक्य पाठ केलं होतं. पण आपल्या मुलाचं भलं केलेला माणूस समोर उभा असला, तर आधी आभार मानायला नकोत का? मी मानले. छान चाललंय म्हटलं. तुमचे उपकार आहेत म्हटलं. ते फार खूश झाले. ऋषीला शुभेच्छा सांगा म्हणाले, आणि माझ्या मागच्या बाईंकडे वळले.

तेव्हा तो म्हातारा सोडून दे डोक्यातून. मला वेळ मिळाला होता.

निघण्याआधी ऋषीचा फोन आला, दोनच मिनिटं. त्यात मी काँग्रेसमनच्या त्या शुभेच्छा पोचवल्या. तो म्हणाला, आई, त्यांना माझ्याकडून थँक्स सांग.

माझी माया आहे तिथेच आहे. लिहीत राहा.

सुवर्णामावशी