डाव्या चाकाचा रिकामा हब

नाना,

आधी घडलं ते क्रमाने लिहिते. माझं मत नंतर.

१. मागच्या रविवारी मळ्यातल्या शेडमध्ये तुमच्या पिकअपची पुढची दोन्ही चाकं मी जॅकवर उचलली.
२. उजव्या चाकाचा हब उघडला. आतली दातेरी रिंग, स्प्रिंग, सगळं जागेवर होतं. ग्रीस वाळलेलं.
३. डाव्या चाकाचा हब उघडला. आत रिंग नव्हती, स्प्रिंगही नव्हती. ग्रीसमध्ये माखलेलं एक फडकं कोंबलेलं होतं.
४. त्या हबचा बाहेरचा डायल मात्र 'फ्री'वरून 'लॉक'वर व्यवस्थित फिरतो. टक् असा आवाजही येतो.
५. झाकणाखालचं गॅस्केट वहीच्या पुठ्ठ्यातून कापलेलं आहे. त्यावर माझ्या अक्षरात 'मिती' आणि त्याखाली 'हावी' एवढं उरलं आहे. ती माझी दहावीची भूमितीची वही.
६. मामांचा पाय मोडला तेव्हा मी अकरावीत होते.
७. येत्या रविवारी मामा गाडी न्यायला येणार आहेत. सुरगाण्याच्या एका गिऱ्हाइकाला ती फोर-बाय-फोर म्हणून द्यायची आहे. म्हणूनच मी ती तपासायला घेतली होती.

हब म्हणजे काय हे तुम्हाला सांगायची गरज नाही, पण मला एकेक पायरी लिहून काढल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आपली पिकअप साधी होती. केबिनमधला छोटा लिव्हर ओढला की इंजिनची ताकद पुढच्या अ‍ॅक्सलपर्यंत पोचायची, चाकांपर्यंत नाही. त्यासाठी खाली उतरून पुढच्या दोन्ही चाकांच्या मधोमध असलेला डायल हाताने 'लॉक'वर फिरवावा लागायचा. दोन्हीपैकी एक जरी सुटा राहिला तरी सगळी ताकद त्या सुट्या टोकाकडे वाहून जाते आणि दुसरं चाकही जागचं हलत नाही. म्हणजे डावा हब रिकामा असेल तर उजवा लॉक केला काय आणि न केला काय, गाडी मागच्या दोन चाकांवरच चालते. तुम्ही ती जवळजवळ वर्षभर तशीच चालवलीत, आणि गिरणाऱ्यापासून हरसूलपर्यंत सगळ्यांना सांगत राहिलात की माझी गाडी चारही चाकांनी ओढते.

गॅस्केट कापलंत तो दिवस मला आठवतो. दहावीचा निकाल लागून गेला होता. स्वयंपाकघरात तुम्ही खाली मांडी घालून बसला होता, पुढ्यात पसरलेल्या जुन्या पेपरवर ते झाकण उपडं ठेवलेलं, आणि हातात आईची कात्री. आई म्हणाली, "अहो, त्याच कात्रीने मी दुधाची पिशवी कापते." तुम्ही मान वर न करता म्हणालात, "मग आज चहा घशातून सरकत जाईल." आई हसली, मीही हसले. मी विचारलं, हे कशाचं आहे? तुम्ही म्हणालात, "तुला काय करायचंय? वही भरली ना तुझी?" त्या वेळी मला ते साधं वाटलं. वही खरंच भरलेली होती. आतली रिंग तुटली असेल आणि दुसरी मिळाली नसेल, हे मी आज समजू शकते. जुन्या गाडीचे सुटे भाग मिळत नाहीत. रिंग तुटली याबद्दल माझी तक्रार नाही. तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत, याबद्दल आहे.

सांगितलं नाहीत एवढंच नाही. त्यानंतरच्या पावसाळ्यात तुम्ही माझ्यासाठी गमबूट आणलेत. गुडघ्यापर्यंत येणारे, काळे, माझ्या मापाचे. आपल्या घरात माझ्या मापाची वस्तू मागितल्याशिवाय कधी आली नव्हती, त्यामुळे मला फार आनंद झाला. बाजारच्या दिवशी मी तुमच्याबरोबर यायचे. हरसूलला भाजी आणि झेंडू उतरवून झाला की एखाद्या पाड्यावरून नागलीची पोती भरायला आपण डांबरी सोडायचो. चिखल आला की तुम्ही गाडी थांबवायचात आणि मान हलवायचात. मी उडी मारून उतरायचे, उजवा डायल फिरवायचे, पुढून वळसा घालून डावा फिरवायचे आणि हात वर करायचे. मागे बसलेली माणसं बघत असायची. एक म्हातारी दर वेळी म्हणायची, "पोरगी कळ फिरवते मंग गाडीला जोर येतो." तुम्ही तिला म्हणायचात, "मावशे, पोरगी माझी मेकॅनिक आहे." हे ऐकायला मिळावं म्हणून मी चिखलात उतरायचे. रिकाम्या डब्याचं झाकण फिरवत होते, हे तुम्हाला माहीत होतं.

मी आता जिथे काम करते तिथे गाडी किती चढ चढू शकते हे मोजतात. म्हणून एक गोष्ट मान्य करते, कारण ती खरी आहे. दोन चाकांवर तुम्ही ज्या जागी गाडी चढवलीत तिथे ती चढवणं सोपं नव्हतं. मागे पोती असली की मागची चाकं जमीन धरतात, लो गिअरमध्ये इंजिन न ओरडता ओढतं, आणि तुमचा पाय हलका होता. गाडीपेक्षा तुम्ही चांगले होता. पण ती सगळी करामत तुम्ही एक खोटं उघडं पडू नये म्हणून खर्च केलीत, आणि वजन नसेल तेव्हा हे चालणार नाही हे तुम्हाला माझ्याइतकंच कळत होतं.

मामांचा पाय मोडला त्या दिवशी मागे वजन नाही. सगळी भाजी संपली आहे, गाडी रिकामी आहे आणि मामा आपल्याबरोबर आहेत. ओहोळ ओलांडून लाल मातीचा तो चढ येतो. तुम्ही थांबता, मान हलवता. मी उतरते. उजवा डायल फिरवते. डाव्या बाजूला जाते. हात वर करते. तुम्ही लिव्हर ओढता. गाडी निम्म्यापर्यंत जाते आणि मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागतात. मामा मागून ओरडतात, "थांबा दाजी, दगड लावतो," आणि टायरखाली दगड सरकवायला वाकतात. दगड लागायच्या आत गाडी मागे घसरते. पुढची चाकं एकदाही ओढत नाहीत. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, ती नुसती घसरत गेली. मामांचा घोटा चाक आणि दगडाच्या मध्ये आला. ते खाली बसले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "पाणी दे."

मामा विजेच्या खांबांवर चढणारे वायरमन होते. त्यानंतर ते खांबावर चढले नाहीत. आता पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायच्या दुकानात स्टुलावर बसून असतात आणि उठताना आधी टेबल धरतात.

आणि हॉस्पिटलच्या व्हरांड्यात, आई आणि मामी समोर असताना, तुम्ही म्हणालात, "पोरीनं डावा हब फिरवलाच नाही. मी तरी काय करणार?" मी म्हणाले, "फिरवला." तुम्ही म्हणालात, "मोठ्यांपुढं खोटं बोलू नको." एवढंच. तुम्ही रागावलाही नाहीत. आठ महिन्यांनी बाजार समितीच्या आवारात तुमची छाती भरून आली आणि तुम्ही गेलात, आणि तुमचं ते वाक्य तसंच राहिलं. मामी माझ्याशी तीन वर्षं बोलल्या नाहीत. मामा बोलले, पण कसे ते ऐका. मला नोकरी लागली तेव्हा पेढा तोंडात घालून म्हणाले, "कंपनीत गाड्या तपासते आमची भाची. हब फिरवायला वेगळा माणूस ठेवलाय ना तिकडं?" सगळे हसले. मीही. माझ्या साखरपुड्यात, नवऱ्याकडच्या माणसांसमोर, "हिच्या हातात किल्ली देऊ नका, लय महागात पडती." गेल्या चौदा वर्षांत असं एकही कार्य झालं नाही ज्यात मामांनी हे काढलं नाही. ते मनात ठेवून बोलत नाहीत. त्यांनी मला माफ केलंय असं त्यांना वाटतं, आणि माफ केलेल्या माणसाची चेष्टा करता येते.

हब उघडला तेव्हा मला आधी राग आला नाही. मी रिंग कुठे खाली पडली आहे का ते पाहिलं. शेडची जमीन झाडली. मग गॅस्केट उजेडात धरलं आणि अक्षर ओळखलं. आई दारात उभी होती. "काय सापडलं?" म्हणाली. मी म्हणाले, "काही नाही, जुनं ग्रीस." झाकण, फडकं आणि गॅस्केट मी एका पिशवीत घालून ठेवलं आहे. रविवारी ते मामांसमोर ठेवावं असं मी पहिल्या दिवशी ठरवलं. ते ठेवलं की तुमचं नाव जाईल आणि माझं परत येईल. हिशेब सोपा आहे, असं वाटलं होतं.

तो सोपा नाही, याचं कारण हे. तुम्ही "डावा" म्हणालात. नुसतं हब म्हणाला नाहीत. उजवीकडे स्टिअरिंग धरून बसलेल्या माणसाला बॉनेटपलीकडे वाकलेली मुलगी दिसत नाही. काल मी त्या सीटवर बसून पाहिलं, डोकंसुद्धा दिसत नाही. पण तुम्ही डाव्या खिडकीकडे झुकला असाल, किंवा मी फार लवकर उठले हे तुमच्या लक्षात आलं असेल. कारण डावा हब मी फिरवला नव्हता. डावं चाक चढाआधीच्या डबक्यात, शेणाने भरलेल्या पाण्यात निम्मं बुडालेलं होतं, आणि पाड्यावरची माझ्याच वयाची चार मुलं काठावर उभी राहून माझ्याकडे बघत होती. मी वाकले, हात चाकाजवळ नेला, पाण्याला लागू दिला नाही आणि उठले. मग हात वर केला. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, आणि व्हरांड्यात तुम्हाला जे उत्तर दिलं तेच पुढे सगळ्यांना देत आले. इतकी वर्षं मला वाटायचं की तुम्ही पाहिलं होतं, आणि म्हणून तुमचा तिरस्कारही मला नीट करता येत नव्हता.

हब रिकामा होता. मी फिरवला असता तरी गाडी घसरलीच असती. हे कुठल्याही रिपोर्टमध्ये मी एका ओळीत लिहू शकते आणि त्याखाली सही करू शकते. पण पिशवी उघडली की मामा पहिला प्रश्न विचारतील, "म्हणजे तू फिरवला होतास?" आणि तो माणूस तिसऱ्यांदा फसायला नको. दोनदा तो फसला, एकदा तुमच्यामुळे, एकदा माझ्यामुळे. तुम्ही मला पाहिलं असेल, तर निदान तुम्ही जे म्हणालात त्यातलं अर्धं तुम्हाला खरं वाटत होतं. पाहिलं नसेल, तर रिकामा हब लपवण्यासाठी तुम्हाला हाताशी सापडेल असं कुणीतरी हवं होतं, आणि मी सोळा वर्षांची होते.

पिशवी मी उघडणारच आहे. माझं सांगणारच आहे. तुमच्याबद्दल काय सांगायचं, एवढंच ठरायचं आहे. हे पत्र टाकायला जागा नाही हे मला माहीत आहे. तरी कामाच्या पत्राला मुदत लागते म्हणून लिहिते. मामा रविवारी सकाळी नऊला येतील.

तुम्ही मला पाहिलं होतं की नाही, ते कृपया शनिवारी संध्याकाळपर्यंत कळवा.